ऐतिहासिक कारणास्तव बंद असलेली सातवी खिडकी

प्रत्येक वास्तूला इतिहास असावा लागतो. नसल्यास तो मुदतीत बांधून घ्यावा लागतो. हे काम बाबांच्या कंपनीने १९९८ साली अमिरातीतल्या रास अल खैमात अकरा महिन्यांत करून दाखवलं. इंग्लंडला त्यासाठी चारशे वर्षं लागली होती. तिथे कामगारांना दुपारची सुट्टी देतात, असं ऐकते.

झालं असं, की कंपनीचे मालक सुट्टीत इंग्लंडला गेले आणि एका खेड्यातल्या जमीनदाराच्या जुन्या दगडी घरात चहा प्यायले. परतताना त्यांनी तिथलं कॅलेंडर आणलं. त्यातल्या जून महिन्याचं घर त्यांना कंपनीचं गेस्ट हाऊस म्हणून हुबेहूब हवं होतं. माझे बाबा, सदानंद, कंपनीत ड्राफ्ट्समन होते. शारजात अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते महिनाभर जून महिन्यावर भिंग धरून बसले.

सिमेंटच्या कारखान्याकडे पाठ करून घर उभं राहिलं. छप्पर असं उतरतं, की पडलेलं बर्फ आपोआप घसरावं. (आजवर घसरलेलं बर्फ : शून्य. घसरलेले रंगारी : दोन.) जिन्याच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने मधोमध अठरा मिलिमीटर झिजलेल्या, हा वावर दोन कामगारांनी ग्राइंडरने दीड दिवसात उरकला. तपासणीत तिसरी पायरी जेमतेम शंभर वर्षांची भरली, म्हणून तिला आणखी तीन शतकं झिजवण्यात आलं.

कॅलेंडरातल्या घराच्या सात खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या. बाबांनी लायब्ररीतून पुस्तक आणून कारण शोधलं. इंग्लंडात एके काळी खिडक्या मोजून कर घेत. तो चुकवायला लोकांनी आपल्याच घरातला उजेड बुजवला. जिथे असा करच नाही, तिथे करचुकवेगिरीचं स्मारक उभारण्याचा मान अशा रीतीने आमच्या कंपनीला मिळाला.

सहा खिडक्यांमागे कपाटं होती. त्यांची तक्रार नव्हती. सातवीमागे वॉचमन जहूर होता.

जहूर पेशावरकडचा, वय पन्नासच्या पुढे, खोली आठ बाय नऊ. त्याच्या खोलीत एसी नव्हता, यात कुणाचाही दुष्टपणा नाही. घरातला एसी अकरा धुरांड्यांमधून फिरवला होता. धुरांडं तिथेच, जिथे मूळ घरात शेकोटी होती. आणि नोकराच्या खोलीत शेकोटी नव्हती. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज नोकराला थंडीत कुडकुडावं लागलं, म्हणून जहूरला उन्हाळ्यात शिजावं लागत होतं. परंपरा म्हणतात ती हीच.

बाबांनी त्या खोलीत थर्मामीटर टांगला. जुलैत दुपारी पारा शेहेचाळीसवर गेला. मग त्यांनी सातवी खिडकी उघडी दाखवणारा सुधारित नकाशा दिला. तीन वर्षांत असे सहा दिले आणि सहाही सविस्तर कारणांसह परत आले. एकावर शेरा होता, ‘खिडकी उघडल्यास बंद राहणार नाही.’ दुसऱ्यावर, ‘वापरकर्त्याने लेखी मागणी केलेली नाही.’ (वापरकर्त्याला लिहिता येत नव्हतं.) २००० च्या ऑगस्टमध्ये वापरकर्ता खोलीत बेशुद्ध सापडला. त्यावर शेरा नव्हता.

प्रोजेक्ट मॅनेजर चारुदत्तकाका आमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा म्हणाले, “सदानंदराव, तुम्ही पण ना. एका वॉचमनसाठी सोळाव्या शतकाच्या भिंतीला भोक पाडायचं?”

“भिंत अठ्ठ्याण्णव सालची आहे,” बाबा म्हणाले. “मीच काढलीय.”

“ते तुम्हाला माहीत. गेस्टना कशाला?”

सातवा नकाशा पुरा करून २००१ च्या मे महिन्यात बाबा गेले. हृदय. त्याबद्दल इथे अधिक लिहिण्याचं कारण नाही.

तिसऱ्या दिवशी जहूर दोन टॅक्सी बदलून शारजात आला. चपला हातात घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, “साहब बोले थे, गर्मी से पहले खिडकी हो जाएगी, इन्शाल्ला. गर्मी तो आ गयी, बेटी.”

मी नकाशाची गुंडाळी घेऊन चारुदत्तकाकांकडे गेले.

“ये मुग्धा. आई कशी आहे?” त्यांनी नकाशा उलगडला, चष्मा काढून डोळे पुसले. “काय हात होता गं त्यांचा. बघ ही लाइन.”

“काका, ही खिडकी उघडायची आहे.”

“अगं, आता कसं शक्य आहे? ड्रॉइंगवर सही त्यांची. उद्या साइटवर काही झालं तर क्लॅरिफिकेशन कुणाला विचारणार? गेलेल्या माणसाचं ड्रॉइंग इश्यू करता येत नाही.” त्यांनी नकाशा पुन्हा गुंडाळला. “फ्रेम मात्र करता येतं.”

“फ्रेम नको. सहा विटा काढल्या तरी चालतील.”

“मुग्धा, तू आत्ता इमोशनल आहेस. यल्ला, चल, ते माझ्यावर सोड.”

मी इमोशनल नव्हते. विटा मोजून गेले होते.

काकांनी शब्द पाळला. दहा दिवसांत सातवा नकाशा सोनेरी चौकटीत बसून गेस्ट हाऊसच्या मोठ्या हॉलमध्ये लागला, धुरांड्याखाली, चोवीस अंशांत. खाली पितळी पट्टी : ‘खिडकी (प्रस्तावित)’. काच रोज पुसायचं काम जहूरकडे आलं, त्यामुळे दिवसातली पाच मिनिटं तरी तो एसीत असतो. त्या उन्हाळ्यात तो आणखी दोनदा बेशुद्ध पडला. दोन्ही वेळा स्वतःच्या खोलीत पडला, म्हणून काचेला काही झालं नाही.

नोव्हेंबरात शारजातल्या आपल्या मराठी मंडळाची सहल तिथे गेली होती. आपण बाबांना दोन मिनिटं शांत राहून श्रद्धांजली वाहिलीत, त्याबद्दल मी आभारी आहे. मग फ्रेमपुढे ग्रुप फोटो झाला. त्यात आपण सगळे आहोत, चौतीस जण. जहूर नाही, कारण कॅमेरा आपण त्याच्याच हातात दिला होता. तो जरा जवळ उभा होता, तेव्हा आपल्यातलंच कुणीतरी म्हणालं, “भैया, थोडा पीछे जाओ. खिडकी पूरी आनी चाहिए.”

तो भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकला. खिडकी पूर्ण आली आहे. आपापल्या दिवाणखान्यात आहे ती प्रत काढून पाहा, सगळे हसताहेत.