पुरुषोत्तमरावांचे ऑल-सीझन टायर

"बाबा, यंदा तरी विंटर टायर्स लावा," सिद्धेश म्हणाला, आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा विचका झाला.

पुरुषोत्तमरावांनी चमचा खाली ठेवला. त्यांची उभी हयात मिनेसोटातल्या एका पंपांच्या कंपनीत इंजिनीअर म्हणून गेली होती, आणि रिटायर झाल्यावरही फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूबद्दल आपला शब्द शेवटचा, असं ते धरून चालत. टायर फिरतो. आता त्याबद्दल पोराने अक्कल शिकवायची, आणि तीही जॉर्जियात अल्फारेटाला राहणाऱ्या पोराने, जिथे लोक डिसेंबरात अर्ध्या चड्डीत पेपर आणायला बाहेर पडतात! हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"माझ्या टायरवर काय लिहिलंय? ऑल सीझन. ऑल म्हणजे सगळे. विंटर हा सीझन आहे की नाही?"

"बाबा, थंडीत ते रबर कडक होतं. ग्रिप जाते. विंटर टायरचं रबर वेगळं असतं."

"रबर कडक होतं म्हणे! अरे, माझ्या पहिल्या गाडीचे टायर माझ्या आत्ताच्या टकलाइतके गुळगुळीत होते. पण कामावर एक दिवस खाडा नाही केला!"

"तेव्हा तुम्ही तिशीत होता, बाबा."

मालिनीताईंनी घाईघाईने क्रॅनबेरीचं लोणचं पुढे सरकवलं, पण ते कोणी घेतलं नाही.

मुद्दा टायरचा नव्हताच, हे तिघांनाही ठाऊक होतं. मिनेसोटातलं ईडन प्रेरीचं हे घर विकून आईबाबांनी जॉर्जियाला यावं, असा सिद्धेशचा दोन वर्षांपासून लकडा होता. त्याने तळमजल्यावर वेगळी खोली, वेगळं बाथरूम, बाथरूममध्ये धरायला दांडा, असं सगळं करून ठेवलं होतं. त्या दांड्याचा फोटो पाहिल्यापासून पुरुषोत्तमराव भडकले होते. आज टायर कबूल केले की उद्या गाडीची किल्ली, परवा घराची. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.

"ऐक," ते म्हणाले. "या हिवाळ्यात माझी गाडी एकदा जरी बर्फात अडकली ना, तर मी स्वतःच्या हाताने घरापुढे 'फॉर सेल'ची पाटी ठोकीन. तुझी आई साक्षीदार."

"मला कशाला मध्ये ओढता?" मालिनीताई म्हणाल्या. पण तोवर सिद्धेश "डील!" म्हणून मोकळाही झाला होता.

डिसेंबर निर्विघ्न पार पडला. त्याचं कारण असं की, बर्फ पडला की पुरुषोत्तमरावांना बाहेर काही कामच निघत नसे. कालचं दूध पुरायचं. लायब्ररीचं कंटाळवाणं पुस्तक अचानक वाचनीय व्हायचं. दर रविवारी फोनवर मात्र ते ठणकावून सांगत, "एवढा बर्फ पडला, पण गाडी तसूभर घसरली नाही!" गॅरेजमध्ये उभी गाडी सहसा घसरत नाही, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

मग संक्रांत आली. दरवर्षीप्रमाणे शनिवारी दुपारी पद्मजाकडे हळदीकुंकू होतं. पद्मजा म्हणजे इथल्या मराठी मंडळाची चाळिशीतली उत्साही सेक्रेटरी. तिचं घर एका टेकाडाच्या माथ्यावर. मालिनीताईंनी आठवडाभर शेगडीपाशी बसून काटेरी हलवा केला होता. पद्मजाचं यंदाचं वाण होतं गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची खरवडणी. डबे, वाट्या लुटून लुटून सगळ्या बायकांची कपाटं भरली होती. खरवडण्या मात्र मिनेसोटात कितीही असल्या तरी कमीच.

सकाळीच पद्मजाचा फोन आला. "काकू, रस्ता फार स्लिपरी झालाय. मी पिकअप करते ना तुम्हाला. माझ्या गाडीला विंटर टायर्स आहेत."

ते शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. स्पीकरवर ऐकणारे पुरुषोत्तमराव म्हणाले, "का? आमच्या गाडीला काय धाड भरली आहे?"

त्यांनी तयारीही जय्यत केली. ऑफिसातला एक जुना मित्र हिवाळ्यात आपल्या पिकअप ट्रकच्या मागच्या भागात वाळूची पोती टाकायचा, म्हणजे चाकं रस्ता घट्ट धरतात. आता वाळूसाठी दुकानात कोण जाणार? इंडियन ग्रोसरीतून आणलेली बासमतीची दोन पोती, तुरीच्या डाळीची मोठी पिशवी आणि कणीक गॅरेजमध्ये होतीच. सगळी रसद डिकीत गेली.

"हळदीकुंकवाला निघालोय की मोहिमेवर?" मालिनीताईंनी विचारलं. पैठणी, वरून गुडघ्याखाली येणारा कोट, पायांत स्नो बूट, मांडीवर हलव्याचा डबा, अशा त्या बसल्या.

"वजन म्हणजे ग्रिप. सायन्स आहे हे."

सपाट रस्त्यावर सायन्सने उत्तम साथ दिली. पद्मजाच्या टेकाडाचा चढ लागला तेव्हाही अर्ध्यापर्यंत गाडी गेली. मग इंजिनाचा आवाज वाढला, वेग कमी झाला, आणि पुढची चाकं जागच्या जागी गरागरा फिरू लागली. पुढची! मित्राच्या ट्रकला मागची चाकं ओढत असत. यांच्या गाडीला पुढची ओढतात, आणि वजन आपण ठेवलंय मागे, म्हणजे पुढचं नाक उलट हलकं केलंय, हे पुरुषोत्तमरावांच्या नेमकं तेव्हा लक्षात आलं.

"अडकलो," मालिनीताई म्हणाल्या.

"अडकलो नाही. थांबलोय."

"फरक काय?"

"अडकणं माणसाच्या हातात नसतं. थांबणं असतं." आणि त्यांनी आणखी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. गाडी वीतभर मागे आली.

हँडब्रेक लावून ते बाहेर उतरले आणि पायांवर उभे राहण्यासाठी त्यांना दार धरावं लागलं. रस्त्यावर आरशासारखा बर्फ होता. चाकाखाली काहीतरी खरखरीत टाकायला हवं होतं. त्यांची नजर मालिनीताईंच्या मांडीवर गेली.

"तो हलवा काटेरी आहे ना?"

"खबरदार!" मालिनीताईंनी डबा छातीशी धरला. "बोटं भाजलीत माझी. चाकाखाली मी झोपेन, पण हलवा जाणार नाही."

मग राहिला बासमती. पुरुषोत्तमरावांनी पोतं फोडून दोन्ही चाकांपुढे तांदूळ ओतला, मालिनीताईंना वजन कमी व्हावं म्हणून खाली उतरवलं, आणि देवाचं नाव न घेता, कारण त्यांचा भरवसा अजून सायन्सवर होता, गाडी सुरू केली. लांब, सडपातळ, जुना बासमती. चाकाखाली आला तो वाळूसारखा रुतला नाही, छऱ्यांसारखा घरंगळला. चाकांनी तो मागे भिरकावला, आणि बाजूला उभ्या मालिनीताईंच्या कोटावर, केसांवर, कुंकवावर तांदळाचा सडा पडला. गाडी मात्र रुबाबात, अजिबात घाई न करता, उलट्या दिशेने घसरत गेली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात मागच्या अंगाने जाऊन बसली.

"पन्नाशी आली लग्नाला," मालिनीताई केसांतले दाणे झटकत म्हणाल्या, "तुम्ही परत अक्षता कशाला टाकता?"

तेवढ्यात वरून आवाज आला, "काका! अडकलात का?"

पद्मजा आणि तिच्यामागे हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायका दारात येऊन बघत होत्या.

"नाही! थांबलोय!" काका ढिगातून ओरडले.

बायकांनी ते मनावर घेतलं नाही. पैठण्या, नारायणपेठी, काळ्या चंद्रकळा असा सगळा ताफा स्नो बूट घालून टेकाड उतरला. पदर कमरेला खोचले गेले. कुणी वाणाच्या खरवडण्या आणल्या आणि चाकांभोवतीचा बर्फ कोरायला घेतला. संक्रांतीचं वाण इतक्या तातडीने उपयोगी पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पद्मजाने आपली गाडी त्याच बर्फावरून निमूट खाली आणली, दोर बांधला, आणि बाकीच्या मागून "हर हर महादेव" म्हणत गाडी ढकलू लागल्या. पुरुषोत्तमराव स्टिअरिंगला धरून ताठ बसले होते. ढिगाऐवजी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात पद्मजाची चौदा वर्षांची अनया कॅमेरा घेऊन समोर आली. "आजोबा, स्माइल! ओ माय गॉड, आय ॲम सो ईमेलिंग धिस टू सिद्धेशमामा!"

फ्लॅश उडाला. त्या उजेडात पुरुषोत्तमरावांना घरापुढची 'फॉर सेल'ची पाटी स्वच्छ दिसली.

संध्याकाळी दोघं घरी आले. पुरुषोत्तमराव घरभर फिरले. त्यांनी स्वतः बसवलेली फडताळं पाहिली, तळघराच्या जिन्याचा कठडा हाताने चाचपला. हे घर सोडायची त्यांची तयारी नव्हती. पण शब्द म्हणजे शब्द. गॅरेजमध्ये जाऊन ते हातोडी शोधू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. मालिनीताई तो घेऊन गॅरेजच्या दारात आल्या. स्क्रीनवर सिद्धेशचा नंबर.

"फोटो पोचला," पुरुषोत्तमराव म्हणाले. "घे. स्पीकरवर घे. जे काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

"बाबा?" सिद्धेशचा आवाज रडवेला होता. "बाबा, इथे स्नो पडलाय!"

"किती?"

"एक इंच! हॉरिबल आहे! मी दूध आणायला निघालो, आणि गाडी घरापुढच्या, सबडिव्हिजनच्या उतारावर घसरत गेली आणि शेजाऱ्याच्या मेलबॉक्सवर चढली. सगळीकडे गाड्या आडव्या पडल्यात. टो ट्रक येत नाहीये. मी दुपारपासून इथेच आहे. बाबा, तुम्ही कसं मॅनेज करता?"

म्हणजे त्याने ईमेल पाहिलेलीच नव्हती. पुरुषोत्तमरावांनी हळूच हातोडी खाली ठेवली. त्यांचा पाठीचा कणा बघता बघता सरळ झाला.

"टायर कोणते आहेत तुझे?"

"ऑल सीझन."

"ऑल सीझन!" पुरुषोत्तमराव गरजले. "अरे, ऑल सीझनवर बर्फात जातात का कोणी? थंडीत रबर कडक होतं! ग्रिप जाते! एवढं शिकून एवढंसुद्धा कळू नये?"

"पण बाबा, तुम्हीच तर थँक्सगिव्हिंगला..."

"ते असू दे. तू आधी हीटर लाव. आणि मी काय म्हणतो, तो तुझा अल्फारेटाचा हिवाळा फार धोक्याचा आहे. एका इंचात ही गत! सरळ घर विक आणि इकडे ये. तळमजल्यावर जागा आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून देतो."

फोन ठेवल्यावर ते विजयी मुद्रेने वळले आणि लगेच पडेल झाले. "पण उद्या तो ईमेल उघडेल."

"उघडू दे," मालिनीताई म्हणाल्या. "त्या अनयाला माझं वाण आणि हलव्याचा अर्धा डबा दिला. पाठवायच्या आधीच, माझ्यासमोर फोटो पुसायला लावला."

पुरुषोत्तमराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "तू? मला वाटलं, तुला जायचंय तिकडे."

"मला? त्या गावात मला हळदीकुंकवाला कोण बोलावतंय? सगळ्यात जोर लावून गाडी कोण ढकलत होतं, ते आरशात बघितलं असतंत तर कळलं असतं." मालिनीताईंच्या केसांत अजून एक बासमतीचा दाणा अडकला होता. त्यांनी वाटीतला तिळाचा लाडू उचलला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला. "घ्या तिळगूळ, गोड बोला. आणि सोमवारी सकाळी जाऊन चार विंटर टायर लावून या."

पुरुषोत्तमरावांनी लाडू तोंडात टाकला. तो चांगलाच कडक होता, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागला.

"लावतो," ते शेवटी म्हणाले. "पण गरज आहे म्हणून नाही. सिद्धेश इकडे आला की त्याला माझी गाडी चालवायला लागेल, म्हणून."