भोयरकाकांची गाडी थंड होताना

भोयरकाका घरी आले तरी घरी येत नाहीत. फाटकातून गाडी अंगणात घेतात, हँडब्रेक ओढतात, काचा वर करतात आणि इंजिन चालू ठेवून आतच बसून राहतात. अरुंद गल्लीच्या अलीकडे आमचं घर. मी पोळ्या लाटत असते. दोन होतात, चार होतात, कणीक संपते, तरी पलीकडे गाडीची घरघर चालूच. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की एकदा तरी त्यांची काच ठोठावतो. "काका, बरं वाटून राहिलं ना?"

गाडी डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय हे मला आयुष्यात समजून घ्यायचं नव्हतं, पण काकांच्या शेजारात ते टळत नाही. इंजिनातून निघणाऱ्या गरम वाफाऱ्यावर एक लहानसं चाक भन्नाट फिरतं आणि निखाऱ्यासारखं तापतं. त्याला गार ठेवणारं तेल इंजिन चालू आहे तोवरच फिरतं. लांबून येऊन खाडकन किल्ली फिरवली की तेल तिथल्या तिथे करपतं आणि चाकाची वाट लागते. काकांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, टर्बाइनवर गेली. तिथलं अवजड टर्बाइन बंद केल्यावरही हळूहळू फिरवत ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा दांडा वाकतो, असं ते सांगतात. निवृत्तीनंतर टर्बाइन सुटलं, सवय सुटली नाही.

"तापलेल्याले एकदम बंद नाई करा लागत." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गाडीला लागू, कुकरला लागू, मिक्सरलाही लागू.

कन्हानला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. नवरदेवाची गाडी मांडवासमोर थांबली, ड्रायव्हरने किल्ली फिरवली, तेवढ्यात काका बँडवाल्यांना बाजूला सारत खिडकीशी हजर. "काहून बंद केली बे? चालू कर!" ड्रायव्हरने घाबरून चालू केली. सवाष्णी आरतीचं ताट घेऊन आल्या, तर त्यांनाही आडवा हात. "थांबा वं जराशा, तापून आली हाय थे." भर उन्हात वऱ्हाड उभं, बँड तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवतोय आणि आत नवरदेव फेट्यासकट घामाघूम. मुलाचे मामा असे रुसले की जेवायला बसेनात. सगळं नीट पार पडलं याचा काकांना मात्र आनंद होता. सगळं म्हणजे इंजिन.

माणूस संतापी आहे. सिग्नल तोडणारा दिसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. बर्डीच्या बाजारपेठेत गाडी लावायला जागा मिळाली नाही की आख्खी बर्डी भैताड, बिनडोक. एकदा भाजी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून त्यांचं भांडण लागलं, ते मला दोन रांगा पलीकडे टमाटे घेताना शब्द न शब्द ऐकू आलं.

पण स्वतःच्या फाटकात आवाज चढवणार नाहीत. एका ऑटोवाल्याने त्यांच्या फाटकाला ठोकर दिली. मी कमरेला पदर खोचून तमाशा बघायला खिडकीत आले, तर काका अगदी हळू म्हणाले, "गाडीत बस गा. काय भांडाचं थे गाडीत भांडू." ऑटोवाला बसला. काचा वर झाल्या, इंजिन सुरू झालं. मागच्या काचेतून मला दोन डोकी आणि चार हात दिसत होते, हात तर असे चालले होते की गाडी हलत होती. थोड्या वेळाने दोघे उतरले. ऑटोवाला पाणी प्यायला आणि गेला. बह्याड माणूस, मी म्हटलं आणि गॅस पेटवला.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण या उन्हाळ्यात माझी आई राहायला आली. तिला दमा. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय जगता येत नाही, आणि आमचा कूलर गल्लीकडच्या खिडकीत. काकांच्या गाडीचं तोंड त्यांच्या घराकडे, शेपूट आमच्या कूलरकडे. रोज दुपारी वाळ्याच्या ताट्यांतून गारव्याऐवजी डिझेलचा धूर घरात यायचा आणि आई उठून बसायची, छाती धरून.

मी आधी गोडीने सांगितलं. मग तोंड वाकडं करून सांगितलं. माझ्या नवऱ्याने कुठे कुठे वाचून काढलं की इंजिनाला एखाद-दोन मिनिटं खूप झाली. आता तर माझं डोकंच फिरलं. मिनिटभर इंजिनाचं समजा, बाकीचं कुणाचं? आणि गंमत बघा, कन्हानहून इतक्या लांबून आले की गाडी लवकर थंड व्हायची, आणि कोपऱ्यावरच्या बाजारातून भांडून आले की तासनतास तापलेली. हे कुठलं यंत्रशास्त्र?

एका दुपारी आईला पंप द्यावा लागला. मी तशीच चपला न घालता गल्ली ओलांडली. पाय भाजले, त्याचाही राग काकांवरच. काच ठोठावली.

"काका, हे काय चालवून राहिले तुम्ही? माणसाच्या जिवापेक्षा तुमचं इंजिन मोठं आहे का?"

"ताई, हळू. आवाज नका करू. गाडीत बसा, मंग काय म्हणाचं थे म्हणा."

म्हणजे मीही ऑटोवाल्याच्या रांगेत! बसले. बसून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकाही काही कमी नव्हते. शेवटी मी स्टिअरिंगवरून हात घालून किल्ली फिरवली, दार उघडलं, अंगणात उभी राहिले आणि उरलेलं सगळं खड्या आवाजात ऐकवलं. "झाली ना बंद? आता होऊ दे तिचं काय व्हायचं ते!"

आतून स्टीलचा पेला पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून कुणीतरी कण्हल्यासारखा.

काका माझ्याकडे बघायलाही थांबले नाहीत. धावले. मी मागोमाग.

काकूंना लकवा झाला होता, हे गल्लीला माहीत होतं. त्या बाहेर दिसत नसत एवढंच. खिडकीजवळच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या, उजवा हात थडथड उडत होता, चहा मांडीवरून खाली ओघळत होता. काका जमिनीवर बसून तो हात दोन्ही हातांत धरून होते. "काई नाई वं, काई नाई. गल्लीत कोनी तरी बोललं. झालं आता." हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला स्वतःचीच चीड आली.

काका फडकं आणायला आत गेले तेव्हा काकू बोलल्या. एकेक शब्द ओढून आणत होत्या.

"दवाखान्यातून आली तवापासून... मोठा आवाज झाला का हात उडते माह्या. एक दिवस हे बाहेरून तापूनच आले. ओरडले. दुसऱ्याच कोनावर, पन कप पडला माह्या हातातून. तवापासून सगळं गाडीतच ओकून येतेत."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

त्या अर्ध्या ओठांनी हसल्या. "मले काय सांगतीन? मी पाह्यते ना इथून. तोंड किती चालते त्यायचं! मंग हळूहळू थांबते. मंग रुमालानं चेहरा पुसतेत." पावलं वाजली तशी त्यांनी घाई केली. "गाडी फिरवा म्हनू नका, ताई. त्यायचं तोंड दिसनार नाई मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या फाटकाशी उभे. "ताई, चुकलं माह्यं. आजपासून गाडी उलटी लावतो. धूर इकडं येनार नाई."

"काही गरज नाही," मी खेकसले. "कूलर हलवला मी. मागच्या खिडकीत."

"काहून?"

"माझा कूलर, माझी मर्जी!"

मागची खिडकी लहान. तिच्यात कूलर बसवायला सुताराकडून चौकट कापून घेतली, नवरा दोन दिवस फुगून होता. आईला आता श्वास नीट घेता येतो. मी हरले असं गल्लीला वाटतं, आणि तोंड उघडून खरं सांगता येत नाही म्हणून माझं रक्त अजून तापतं. एका माणसावर मनसोक्त चिडायची सोय होती, तीही गेली.

आजही दुपारी गाडी आली. बाजारातून असावी, कारण बराच वेळ घरघर चालली. मी पोळ्या लाटत होते. समोर काकूंच्या खिडकीचा पडदा बोटभर बाजूला सरकलेला होता. मग इंजिन बंद झालं आणि पडदा हलकेच पडला. काका उतरले, चपला काढल्या, दार ढकललं.

"काय करून राहिली वं?"

"काई नाई," काकूंचा ओढत आणलेला आवाज आला. "आत्ताच डोळा लागला होता."