पाहुण्याला दोनच घरं

सभा दहा मिनिटांत आटोपणार, असं ममतानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नवऱ्याला, दूधवाल्याला आणि समोरच्या रुक्माबाईला, म्हणजे जिनं विचारलंही नव्हतं तिला.

"नागोरावभाऊ नियम वाचतीन, लोकं हो म्हणतीन, चहा पितीन न् घरी जातीन. यात कायचं टेन्शन?"

टेन्शन होतं, आणि ते भिंतीपलीकडे राहत होतं.

घाटंजीच्या वेशीवरचा बंजाऱ्यांचा तांडा आता शहराच्या हद्दीत आला होता. टिपेश्वरच्या जंगलातला वाघ पाहायला येणारी माणसं एखाद्या रात्रीपुरती खोली शोधत तिकडे वळू लागली होती. ममतानं माडीवरच्या दोन खोल्या रंगवल्या, पडदे शिवले, गीझर बसवला. पण नगर परिषदेनं ठरवलं, की घरातली खोली दिवसाच्या भाड्यानं द्यायचे नियम आधी तिथं राहणाऱ्यांना विचारूनच करायचे. कच्च्या मसुद्यात एक ओळ होती:

शेजाऱ्याची संमती आवश्यक.

शेजारी म्हणजे बिस्मिल्लाबी. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकून "ममता, डाल जल रही" असं सांगणारी. परक्या माणसाची चाहूल लागली, तर गच्चीवरची वाळत घातलेली मिरची चारदा उलटायला जाणारी. ती नाही म्हणाली, तर पडदे, गीझर, रंग, सगळं पाण्यात.

कापूस विकायला नेला, की व्यापारी आधी मूठभर ओढून पाहतो. ममतानंही मूठभर पाहुणा दाखवायचं ठरवलं. सभेच्या आदल्या दिवशी तिनं एक गिऱ्हाईक राहायला बोलावलं. ओम, पुण्याचा. अंगानं काडी, गळ्यात तान्ह्या पोराएवढा कॅमेरा, आवाज असा की मांजरही दचकू नये. यापेक्षा निरुपद्रवी नमुना मिळणं कठीण होतं.

सासऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, "मामाजी, पुण्याचा पाहुणा येऊन राह्यला." यात खोटं काही नव्हतं. फक्त अर्धं होतं. पाहुणा खोलीचे पैसे देणार, हे उरलेलं अर्धं.

(इथं नियम क्रमांक एक यायला हवा. पण तो अजून कोणाला सुचलेला नाही.)

सासरे भीमसिंग म्हणजे तांड्याचे जुने नायक, ज्यांचा शब्द शेवटचा. आणि नायकाचा पाहुणा म्हणजे सगळ्या तांड्याचा पाहुणा. घरोघरी त्याचं ताट. नाही म्हणणं म्हणजे त्या घराच्या चुलीवर पाणी ओतणं.

पहिल्या घरी ओमनं तूप घातलेल्या दोन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या घरी, रुक्माबाईकडे, पुरणपोळी. तिसऱ्या घरी तो म्हणाला, "पोट भरलं." या भागात ती जेवणाची प्रस्तावना समजली जाते. चौथ्या घराकडे जाताना भिंतीवरून बिस्मिल्लाबी डोकावली.

"नायकजी, हमारे घर का क्या गुनाह? मटण शिजून राह्यलं ना इकडं."

सहाव्या घरानंतर ओमनं बोलणं सोडलं.

सकाळी त्याला जंगलात न्यायला जिप्सी आली. भीमसिंग ओट्यावर कडुनिंबाची काडी चावत बसले होते.

"पाहुणा झोपला हाय."

"काका, गेट बंद होते. उठवा न त्यायले," ड्रायव्हर म्हणाला.

"न्याहारीशिवाय तांड्यातून कोणी जात नाही. वाघ कुठं पळून राह्यला?"

जिप्सी गेली.

सभा सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर, मांडवाखाली भरली. नगर परिषदेचे बाबू नागोराव मसुदा वाचू लागले. पाहुण्यानं गोंगाट करू नये. पाहुण्यानं शेजाऱ्याच्या दारात गाडी लावू नये. पाहुण्यामुळे रहिवाशांना त्रास होऊ नये.

याच वाक्याची ममता वाट पाहत होती. ती उठली.

"हा पाहा पाहुणा. कालपासून इथं हाय. कोणाले तरास झाला असन, तर सांगा."

मग पोटावर हात ठेवून खुद्द नमुना उभा राहिला.

"मला झाला."

नागोरावांनी मसुदा पुढून पाहिला, मागून पाहिला. "पाहुण्याले रहिवाशांचा तरास... भाऊ, अशी ओळच नाही याच्यात."

"मग घाला. सहा घरी जेवलोय मी. माझी गाडी परत पाठवली. वाघ बघायला आलो होतो, आणि खोलीचे पैसेही दिलेत."

शेवटचं वाक्य मांडवाखाली पडलं.

"पैसे?" भीमसिंग सावकाश वळले. "कोणाले?"

ममता पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली.

"सूनबाई, पाहुण्याले खोली इकली तू?"

"इकली नाही मामाजी. भाड्यानं..."

"नागोराव, मिटवा ते कागद. या घरात हे होत नाही."

ममताच्या डोळ्यांपुढून दोन खोल्या पडद्यांसकट वाहून गेल्या. आणि ज्या बाईच्या भीतीनं हा सगळा घाट घातला होता, नेमकी तीच उठली.

"नायकजी, एक बात पूछू? तुमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरत. रात्री सरायमंदी उतरत का नाही?"

"उतरत."

"फुकट?"

भीमसिंगांनी काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "जागेचं काहीबाही देत."

"मंग सरायवाला त्यायले पाहुणा म्हणत नव्हता? पैसे दिले म्हणून माणूस लहान होते का? या पोट्ट्याचंच पाहा. पैसे देऊनही मटण टाकून उठला माझं. पण हाय तो पाहुणाच."

भीमसिंग काडीचा चोथा होईपर्यंत चावत बसले. तांड्याच्या रीतीत नायक बोलेपर्यंत कोणी उठत नाही. नागोराव घड्याळाकडे पाहत होते, तेही उठले नाहीत.

"जागेचे घ्या," भीमसिंग शेवटी म्हणाले. "पाण्याचे नाही. पहिल्या भाकरीचे नाही. लिहा, नागोराव."

नियम १. खोलीचं भाडं चालेल. पाणी आणि पहिली भाकर फुकट.

मग मात्र मांडवच पेटला. प्रत्येकाला नियम सुचू लागला. पाहुण्याची गाडी पाहुण्याशिवाय कोणी परत पाठवू नये (सगळे भीमसिंगांकडे पाहत). एका दिवसात पाहुण्याला दोनच घरं.

"एक," ओम म्हणाला.

"एक?" रुक्माबाईला ते सहनच झालं नाही. "अन् बाकीच्यायनं काय पाप केलं?"

हात वर झाले. एका घराच्या बाजूनं फक्त ओमचा. दोन घरं मंजूर.

"शेजाऱ्याची संमती राह्यली," नागोराव म्हणाले.

ममता बिस्मिल्लाबीकडे वळली. "चाची?"

"देतो ना. पण दोनातलं दुसरं घर कायम माझं."

भीमसिंगांनी समाधानानं मान हलवली आणि रीतीप्रमाणे ओमच्या खांद्यावर नवाकोरा टॉवेल पांघरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ममतानंही वाजवल्या, जरा उशिरानं. तो टॉवेल ओमच्याच खोलीतला होता.

ओमनं एक दिवस मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशीच्या जिप्सीला फोन त्यानं स्वतः केला, आणि आवाज दोनदा वाढवून.

ऊन कलल्यावर नागोराव कागद काखेत मारून निघाले. मधल्या वेळात भीमसिंगांकडे त्यांची भाकर झाली होती, बिस्मिल्लाबीकडे मटण. आता समोर दारात रुक्माबाई ताट घेऊन उभी.

"वहिनी, दोन घरं झाले माहे. आताच नियम केला ना आपण."

"मंग माह्या चुलीवर पाणी ओतून जाता का भाऊ?"

नागोरावांनी ममताकडे पाहिलं. ममतानं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. नागोरावांनी खिशातून पेन काढला, नियमांच्या खाली लिहिलं, "अंमल: उद्यापासून", आणि चपला काढल्या.