कंबर नाही, गुडघे

प्लांटात सेफ्टी ऑफिसर म्हणून सव्वीस वर्षं जानरावांनी कामगारांकडून एकच गोष्ट घोकून घेतली : वजन उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. रिटायर झाल्यावर कुरुदला घर बांधलं, मागे वांगी लावायचं ठरलं, तेव्हा बायको मैनाबाई एवढंच म्हणाल्या, "आधी आठ दिवस हातपाय हलवा जी. खुर्चीतलं अंग हाय तुमचं."

"मले शिकवून राहिली तू? सेफ्टीवाल्याले?"

झालं. रविवारी सकाळी हेल्मेट आणि सेफ्टी शूज चढवून साहेब मागच्या अंगणात उतरले. बायकोला समोर उभं करून कामाआधीचं पाच मिनिटांचं भाषणही ठोकलं. त्या चहा टाकायला आत गेल्या. मग साहेबांनी शेणखताच्या पोत्याला हात घातला आणि सरळ कंबरेतून वाकले. कट्ट आवाज आला. साहेब तिथेच काटकोनात.

हाक मारायची तर बायकोलाच मारावी लागणार, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तेवढ्यात कुंपणाशी गुलाब दिसला. एकेकाळी त्यांच्याच सेफ्टीच्या क्लासला बसायचा, आता हथखोजच्या एका कारखान्यात फोरमन.

"सर, काय शोधून राहिले?"

"अंगठी," जानराव मातीकडे बघत म्हणाले. "पडली इथंच."

बोलून गेल्यावर आठवलं, अंगठी तर बोटातच आहे. त्यांनी तो हात गुपचूप पोत्यात, थेट शेणखतात खुपसला. करतात काय!

गुलाबनं आत येऊन फावडं घेतलं. फिरायला निघालेल्या दोघांना हाक मारली. "सासऱ्यानं देल्ली होती," असंही जानरावांच्या तोंडून निघून गेलं, मग तर तिघं वीतभर खोल खणायला लागले. ढेकळं फोडली, माती बोटांनी चाळली.

"तुम्ही बसा न साहेब," एकजण म्हणाला.

"नाही, मले असंच बरोबर दिसते."

लोकांचा घाम आपल्या थापेपायी गळतोय हे पाहून जानरावांना अगदी मातीत गडप व्हावंसं वाटत होतं. पण खरं बोलायला जीभ रेटेना.

चहा घेऊन मैनाबाई बाहेर आल्या. "कोणती अंगठी?"

"काकू, या दोघायले पुढं नेऊन चहा द्या," गुलाब पटकन म्हणाला. "मी येतोच."

सगळे गेल्यावर तो जानरावांशेजारी उकिडवा बसला. "काढा हात आता. अंगठी मी कुंपणातूनच पायली होती सर."

"मंग खणलं कावून?"

"तुम्ही कोणाले मदत मागत नाही. अन् वाफा त खणाचाच होता न."

जानरावांना वर बघवेना, आणि ते काही कंबरेपायी नव्हतं. गुलाबनं त्यांच्या काखेत हात घातला.

"चला सर. कंबर नाही, गुडघे."

आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी गुडघे वाकवले.