आदल्या रात्रीचे जेवण

काट्याने भाचीचे वजन चारशे ग्रॅम जास्त दाखवले, आणि आदल्या रात्रीचे जेवण मामांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

मामा एके काळचे व्यावसायिक बॉक्सर. त्यांच्यात वजन लढतीच्या आदल्या दिवशी होई. काट्यावरून उतरले की खायला मोकळे. काल सगळ्या स्पर्धकांचे वजन झाले, भाचीचे बरोबर भरले, आणि मामांनी तिला आग्रह करकरून जेवू घातले.

"ही हौशी स्पर्धा आहे," काट्याजवळच्या बाई म्हणाल्या. "लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन."

"मी बारा-बारा फेऱ्या खेळलोय, बाई."

"इथे तीनच असतात. अर्ध्या तासात उतरवा, नाहीतर बाद."

आज उपांत्य लढत; जिंकली तर भाची राज्याच्या संघात. नाहीतर संपले; पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती.

मामांनी तिला स्वतःचे जाड जाकीट चढवून जिन्यावर पळवले. ती घामाने निथळली. मग पेल्यात थुंकायला लावले.

"तोंड कोरडं पडलंय."

"चिंच आठव."

एवढे करूनही काटा थोडा वरच राहिला. मामा तिच्या कमरेपर्यंतच्या वेणीकडे बघू लागले.

"मामा, नाही हं."

"संघात जायचंय ना?"

ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. पट्ट्या कापायच्या कात्रीने वेणी कापायला वेळ लागला. वजन नेमके भरले. बाईंनी मान खाली घालून सही केली.

दुपारी भाची हेल्मेट, ग्लोव्ह्ज घालून रिंगमध्ये उभी राहिली. समोरचा कोपरा रिकामाच होता. पंचांनी तिचा हात वर केला; प्रतिस्पर्धी सकाळीच वजनात बाद झाली होती. त्या मुलीचा प्रशिक्षक बाहेर बाकावर बसला होता. मामांनी त्याला ओळखले. एके काळी दोघे एकाच रिंगणात व्यावसायिक म्हणून खेळले होते.

"काल जेवू घातलंस?" मामांनी विचारले.

"पोटभर," तो म्हणाला.

भाची संघात गेली, पण हेल्मेट काढायला तयार होईना. बसमध्येही ती तशीच खिडकीशी बसली.

"फायनल उद्या ना?" तिने विचारले.

"हो."

"म्हणजे सकाळी पुन्हा वजन." ती बाहेरच बघत होती. "आता कापायला काय उरलंय?"

मामांची नजर तिच्या नखांकडे गेली. भाचीने मुठी आवळल्या.