पिवळ्या पोत्यांची मोजणी

“माणूस खोटं बोलतो, वही खोटं बोलते, रिकामं पोतं कधी खोटं बोलत नाही!”

हे वाक्य मोजूकाकांनी चौतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये सगळ्यांना ऐकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरी काकूंच्या डोक्यावर मिरी वाटायला वापरलं. स्टोअरकीपर म्हणून त्यांची पद्धतच तशी होती. किती माल वापरला, हे ते कुणाला विचारतच नसत. विचारलं की माणूस थापा मारतो! दाराशी पडलेली रिकामी पोती मोजायची, झालं. या पद्धतीने त्यांनी एक मुकादम आणि एक सुपरवायझर रंगेहाथ पकडला होता. त्या दोन विजयांची गोष्ट ऐकली नाही असा माणूस इमारतीत शिल्लक नव्हता.

काकूंचं दुखणं साधं होतं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. निवृत्तीचे पैसे आले की तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, हे दहा वर्षांपूर्वीच ठरलं होतं. खोल्याही बघून झाल्या होत्या, मागच्याच गल्लीत, दार उघडलं की अंगण. कपडे वाळत घालायची दोरी कुठून कुठे बांधायची, तेसुद्धा काकूंनी मनात पक्कं केलं होतं. पहिल्या तारखेला विसार द्यायचा होता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात काकांना जिन्यात पिवळी पोती दिसली.

पोत्यावर हसऱ्या कुत्र्याचा फोटो, खाली कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीचं नाव. इमारतीत कुत्री तीन आणि रिकामी पोती अकरा! काका वही घेऊन गल्लीत उतरले. तिथे सेहेचाळीस! खरं तर काकांना कुत्र्यांचा मनस्वी तिटकारा. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या जाड्याने त्यांची नवी चप्पल फस्त केली होती, तेव्हापासून तर उभा दावा. पण त्या दिवशी जाड्या समोर आला, तर काकांनी चक्क त्याच्या डोक्यावरून हात फिरवला!

“अगं, या कंपनीचे शेअर घ्यायचे,” घरी येताच काकांनी जाहीर केलं. “लोक स्वतः अर्धपोटी राहतील, पण कुत्र्याला उपाशी ठेवणार नाहीत!”

“आणि खोल्या?”

“वर्षभर थांब. दोनाच्या तीन घेऊ!”

“अहो, पण एकदा कुणाला विचारून तर बघा. कुत्री खातात का ते?”

“विचारायचं कशाला? मी मोजलंय!”

निम्मे पैसे शेअरमध्ये गेले. विसाराची तारीख आली आणि गेली.

महिन्याभरात शेअर घसरला. काका डगमगले नाहीत. वही घेऊन पुन्हा गल्लीत. आता पोती एकाहत्तर! “बाजारातल्या लोकांना अक्कल नाही,” ते म्हणाले. “माल असा उडतोय आणि भाव खाली? अशा वेळीच घ्यायचे असतात!” उरलेले पैसेही गेले.

पोत्यांपाशी वाकून वाकून मोजणारा म्हातारा बघून गल्लीला वाटलं, याला पोती हवी आहेत बिचाऱ्याला. लोक भले! येता-जाता रिकामी पोती काकांच्या दाराशी ठेवू लागले. आता कुणालाही शंका आली असती. काकांनी ती पोतीही वहीत चढवली!

“आपल्याकडे कुत्रं नाही हो,” काकू म्हणाल्या.

“तेच तर! लोकांच्या घरात पोती ठेवायला जागा उरली नाही. चार मजले चढून इथे आणून टाकतायत!”

शेअर इतका खाली गेला, की पेपरात त्याचा भाव शोधायला काकांना भिंग लागायला लागलं. मग एका सकाळी शिक्षिकाबाई भरलेलं पिवळं पोतं जिन्यावरून ओढत खाली नेताना दिसल्या. काकांचा जीव भांड्यात पडला.

“जाड्याचं खाणं वाटतं?”

“छे हो! न्हाणीघराची फरशी फोडली, तिचा राडारोडा आहे.”

“आणि जाड्या?”

“जाड्या या कंपनीचं खाणं खातोय? काका, तो तुमची चप्पल खाईल, पण याला तोंड लावणार नाही! पोती मी डॉक्टरांकडून आणते. फुकट देतात.”

काका तसेच जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. पोती वाटायचं काम कंपाउंडरकडे होतं.

“कुणाचंच कुत्रं खात नाही, काका. हुंगतं आणि तोंड फिरवतं! सुरुवातीलाच खोलीभर माल घेऊन बसलो, आता कंपनी परत घेत नाही. मग आम्ही खाणं ओततो कचऱ्यात आणि पोती देतो लोकांना. पोतं मात्र एक नंबर हां! आतून प्लास्टिक, दुहेरी शिवण. तुम्हाला किती देऊ?”

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीतलं एकेक पोतं ओरडून सांगत होतं, की हा माल कुणी खात नाही. त्यांनी मात्र एकेक मोजून वहीत लिहिलं होतं, खाली रेघ ओढून बेरीजही केली होती!

परतताना ते मुद्दाम मागच्या गल्लीतून आले. त्या दोन खोल्यांपुढच्या अंगणात दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे वाळत होते. काकांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. काकूंना काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत ते जिना चढू लागले.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर काकू बसल्या होत्या. शेजारी भाजीची पिशवी, एक हात गुडघ्यावर. खाली पिवळं पोतं, जुने कपडे ठासून भरलेलं, तोंड सुतळीने शिवलेलं. पोत्यावरचा कुत्रा त्यांच्या पदराआडून हसत होता.

“हे काय?” काकांनी विचारलं.

“दाराशी ढीग पडलाय, त्यातलंच एक. आता इथेच ठेवते. मधे टेकायला बरं पडतं.”

काका काहीतरी सांगायला लागले, पण काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातानेच थांबवलं.

“कळलंय मला. शिक्षिकाबाई बोलल्या.” त्या जरा सरकल्या. “बसा. तळमजल्यावर घर देणार होतात ना? तिसऱ्यापर्यंत आलंय!”

काका बसले. पोतं खरंच एक नंबर होतं. दोघांचं वजन पडलं, तरी शिवण उसवली नाही.