पाठीचा बाक

मुलीच्या पाठीला बाक आला होता आणि तो उजवीकडे वाढत चालला होता. वय तेराचं, अजून उंची वाढायची होती. वाढ थांबेपर्यंत नेमाने व्यायाम झाला तर मणका सावरेल, नाहीतर बाक जन्माचा सोबती, असं फिजिओबाईंनी आईला बजावलं होतं. व्यायाम दिवसातून दोनदा, आणि दुसरी वेळ भर शाळेत यायची. म्हणून आईने शाळेला रीतसर कळवलं, ‘मुलीचा बाक सरळ करण्यासाठी सहकार्य व्हावे.’

शाळेने तत्परतेने सुतार पाठवला. त्याने मुलीला वर्गात उभं केलं, तिच्या बाकावर पाणसळ ठेवली आणि शेरा मारला, ‘बाक सुस्थितीत. तक्रार निराधार.’

आई मुख्याध्यापकांकडे गेली. “सर, बाक लाकडाचा नाही हो, मणक्याचा आहे.”

“तसं आधी सांगायचं. आता दप्तरी तुमच्या मुलीचा बाक सरळ आहे. सरळ बाकाला व्यायाम कशाला?”

“एकदा तिची पाठ तरी बघा.”

“पाठ आमच्या अखत्यारीत येत नाही. उगाच वाकड्यात शिरू नका, बाई.”

सरळ बोटाने तूप निघेना, तेव्हा आई खुर्चीत ठाण मांडून बसली. शाळा सुटली, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला, तशी मुख्याध्यापकांना वाट सापडली. एकीला सवलत देणं नियमात बसत नव्हतं, सगळ्यांना देणं बसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून अख्खी शाळा मैदानात डावीकडे झुकून, बरगड्या फुगवून श्वास घेऊ लागली. फिजिओबाई धावत आल्या. “अहो, हा व्यायाम तिच्या मापाने बेतलाय. दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं होईल हे.”

“आम्ही भेदभाव करत नाही,” मुख्याध्यापक म्हणाले. पालकांपैकीही कोणी हरकत घेतली नाही. फुकटचं होतं, शिवाय शेजारच्या शाळेत नव्हतं.

वर्ष सरलं. आईने एका संध्याकाळी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. हात कुठेही न अडकता खाली आला आणि तिला रडू फुटलं. त्याच वर्षात बाकीची शाळा डावीकडे कलली होती. शिंपी गणवेशाची डावी बाजू आखूड शिवू लागले होते, आणि मुलांना वाचता यावं म्हणून फळेही तिरके टांगले होते.

मग शाळेचा फोटो निघाला. फोटोवाला कॅमेऱ्यामागून म्हणाला, “मधली ती मुलगी वाकडी उभी आहे.”

मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं. “तुमच्या मुलीमुळे रांग बिघडते. तिला दुप्पट व्यायाम लावावा लागेल.”

“सर, ती सरळ आहे. आता आणखी झुकवली तर पुन्हा वाकेल, दुसऱ्या बाजूला.”

“सरळ? कोणाच्या मानाने?”

प्रश्न पालकसभेपुढे गेला. फोटो हातोहात फिरला. ज्याच्या हाती पडे तो मान जराशी कलती करून बघे. तसं बघितलं की रांग सरळ दिसते आणि मुलगी वाकडी. दुप्पट व्यायामाचा ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात वर गेला, तो आईचा. तोही फारच सरळ होता, म्हणून मोजला नाही.

फोटो शाळेच्या फाटकाशी लावलेला आहे. सवडीने बघून या. मान कशी कलती करायची, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.